झेलणारा हात

मराठीत माराला शब्दांची ददात नाही. रट्टा पाठीत बसतो, धपाटाही पाठीतच. पण धपाट्यात थोडी माया असू शकते, रट्ट्यात नसते. चापटीला पंजा उघडा लागतो. गुद्दा घालताना मूठ मिटलेली, करंगळीची बाजू खाली. ठोसा मात्र बोटांच्या पेरांनी, सरळ समोर. हात कुठून निघाला, कसा वळला, कुठे पडला, एवढा बारकावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. पण जो माणूस शिकवण्यासाठी, मुद्दाम हात पुढे करून हा मार घेतो, त्याला या भाषेत नाव नाही. मार खाणारा आपल्याकडे बिचाराच असतो, तोंड दाबून बुक्क्या सोसणारा. बॉक्सिंगच्या सरावात दोन्ही पंजांवर चामड्याच्या गाद्या चढवून उभा राहणारा माणूस अजिबात बिचारा नसतो. तो सराव त्याच्याच तालावर चालतो. पोरं त्याला ‘पॅड धरणारा’ म्हणतात, आणि क्रियापदच ‘धरणं’ असल्यामुळे तो खुंटीसारखा नुसता उभा आहे असा समज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यातल्या व्यायामाच्या इतिहासाकडे पाहिलं तर तो किती चुकीचा आहे ते कळतं, असं माझं म्हणणं आहे. या भागात ना गोऱ्या पलटणीची छावणी होती, ना मोठी रेल्वे वसाहत. बॉक्सिंग इथं उशिरा आलं. पण ठोसा ज्या पद्धतीनं शिकवला जातो ती पद्धत, म्हणजे एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं जाणतेपणानं झेलायचं, इथल्या आखाड्यांना परकी नव्हती.

आधी पॅडवर काय घडतं ते जवळून पाहू. ठोसा मुठीत जन्मत नाही. मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, टाच बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. पोचली की त्याच वाटेनं परत हनुवटीपाशी यायला हवी. शिकाऊ पोरगा यातलं पहिलं विसरतो आणि शेवटचंही विसरतो; त्याला फक्त मधला झटका ठाऊक असतो. बॅगवर ही चूक लपते. बॅग कितीही हलली तरी तक्रार करत नाही. पॅड धरणारा मात्र दोन बोटं पुढे येऊन ठोशाला भेटतो. दोनच बोटं, वीतभर पुढे आला तर पोराला आपल्या हातात नसलेली ताकद असल्याचा भास होतो, आणि मागे सरकला तर ठोसा हवेत जाऊन कोपराला हिसका बसतो. पॅड त्यानं आपल्या चेहऱ्याजवळ, खांद्यांच्या आत धरायचे असतात, कारण प्रतिस्पर्ध्याचं डोकं तिथंच असणार आहे. आळसानं हात बाहेर फाकवून पॅड धरले की पोरगा दोन डोक्यांच्या माणसाशी लढायला शिकतो. ठोसा मारून हात खाली राहिला, तर त्याच पॅडनं त्याच्या कानशिलावर हलकीशी चापट पडते. सूचना एवढीच. शब्दाची गरज नसते.

आवाजाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. नवख्याला वाटतं, पॅडवर जितका मोठा फटाका वाजला तितका ठोसा चांगला. प्रत्यक्षात हुक मारताना ग्लोव्हची आतली बाजू, म्हणजे उघडा पंजा, पॅडवर आपटला की आवाज सगळ्यात मोठा येतो. नियमानुसार असा फटका गुणाचा तर नाहीच, फाउल आहे. ग्लोव्हचा पेरांचा भाग लागला तरच तो ठोसा. पेरांवर नीट बसलेल्या ठोशाचा आवाज दबका असतो आणि त्याचं वजन झेलणाऱ्याच्या मनगटातून खांद्यात उतरतं. म्हणजे चापट आणि ठोसा यांतला जो फरक मराठीनं शब्दांत पकडला आहे, तो बघणाऱ्याच्या कानाला फसवतो. कळतो तो झेलणाऱ्याच्याच हाताला. शिकवणाऱ्याचं ज्ञान इथं डोळ्यांपेक्षा तळहातात जास्त असतं, आणि ते पुस्तकात उतरवणं कठीण असल्यामुळेच इतिहासात त्याची नोंद कमी झाली.

तरी ती अगदीच झाली नाही असं नाही. प्लेटोच्या ‘लॉज’ या संवादात युद्धाच्या तयारीसाठी मुष्टियोद्ध्यांचा दाखला येतो. खऱ्या लढतीतल्या चामडी पट्ट्यांऐवजी हातांना मऊ गोळे बांधून ते सराव करतात, आणि सरावाला जोडीदार मिळालाच नाही तर निर्जीव पुतळा टांगून त्यावर हात चालवायलाही मागेपुढे पाहणार नाहीत, असा तो युक्तिवाद आहे. त्यातला क्रम लक्षात घ्यावा. आधी जिवंत जोडीदार, मग मऊ केलेला हात, आणि टांगलेलं बोचकं नाइलाज म्हणून. पुढे अठराव्या शतकात लंडनच्या जॅक ब्रॉटननं १७४३ मध्ये उघड्या मुठींच्या लढतींना पहिले लेखी नियम दिले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या तालमीत शिकायला येणाऱ्या खानदानी मंडळींची नाकं-डोळे शाबूत राहावेत म्हणून हातांवर चढवायच्या गुबगुबीत पिशव्या आणल्या. आजचा बॉक्सिंग ग्लोव्ह हा त्या पिशव्यांचा वंशज. तो लढतीत यायला क्वीन्सबेरी नियमांची, म्हणजे १८६७ ची वाट पाहावी लागली. शंभराहून अधिक वर्षं ग्लोव्ह हे फक्त शिकण्याचं साधन होतं. बॉक्सिंगचं जे चिन्ह म्हणून आपण पोस्टरवर छापतो ते मुळात शाळेतलं आहे, रिंगणातलं नव्हे.

आता आपल्याकडे वळू. ज्येष्ठीमल्ल, म्हणजे जेठी, हे पेशानं मल्ल. बडोदा आणि म्हैसूर दरबारांत त्यांच्या वज्रमुष्टीच्या लढती होत. मुठीत शिंगाचं काटेरी हत्यार, आणि झोंबी व ठोसा दोन्ही चालू. त्यांचं ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ साली छापून आलं. त्यात मल्लाच्या मेहनतीचे प्रकार ‘श्रम’ म्हणून सांगितले आहेत. त्यांत स्तंभश्रम आहे, खांबावरची मेहनत. आणि ऊहापोहश्रमही आहे, म्हणजे डावांची चर्चा करणं हीसुद्धा मेहनतच. (व्यायामशाळेच्या पायरीवर बसून तासभर गप्पा छाटणाऱ्यांनी हा आधार अवश्य वापरावा.) खांबाचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही मल्लांच्या संदर्भात येतो, आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला मल्लखांबाचं रूप दिलं. मल्लखांबाकडे आज आपण कसरत म्हणून पाहतो. पण त्याचं मूळ काम बॉक्सिंगच्या बॅगचंच होतं. जोडीदार थकला, जोडीदार मिळाला नाही, किंवा जोडीदाराची हाडं मोडू नयेत म्हणून खांबाला मिठी मारायची, तेल लावून निसरडा केलेल्या त्या लाकडाला माणूस समजायचं. खांब माणसाची जागा घेतो, पण माणसासारखा चकवत नाही. म्हणून आखाड्यात खांब मोठा झाला तरी ‘जोर’ संपला नाही. सरावाची कुस्ती म्हणजे जोर, आणि जोर कोणाशी करायचे हे वस्ताद ठरवतो. बलदंड पैलवानाला पोराशी जोर करायला लावायचं, तेव्हा त्याचं काम जिंकणं नसतं. पोराला डाव लागू द्यायचा, पण फुकट लागू द्यायचा नाही, ही तारेवरची कसरत त्यानं करायची असते. पॅड धरणाऱ्याची दोन बोटं आणि या पैलवानानं सोडलेली ती जराशी ढील, या दोन्हींचं माप एकच आहे.

याहून जवळचं नातं फरी-गदग्याचं. कातडं चढवलेली काठी तो गदगा, आणि डाव्या हातात छोटी कातडी ढाल ती फरी. तलवार आणि ढालीचं हे शाळकरी रूप. हत्यारबंदीच्या काळात हेच रूप आखाड्यांच्या हाती उरलं आणि शिकण्याच्या साधनाचा स्वतंत्र खेळ झाला, अगदी ग्लोव्हसारखा. वाराला नावं आहेत: डोक्यावरचा तो शिर, एका गालाकडून येणारा तमाचा, दुसऱ्या बाजूचा बाहेरा. वस्ताद नाव पुकारतो, शागीर्द वार करतो, फरी तो वार घेते, आणि लगेच उलटा वार येतो. फरी खाली गेली असेल तर गदगा डोक्यावर बसतो. बॉक्सिंगच्या कोचनं ‘वन-टू’ म्हणावं, पोरानं जॅब आणि क्रॉस टाकावा, आणि उलट्या पॅडखाली त्यानं डोकं वाकवावं, यात आणि त्यात मला रचनेचा फरक दिसत नाही. हत्यार वेगळं, अंतर वेगळं, पण पुकारा, वार, झेल, उलट वार हे चक्र तेच. वऱ्हाडात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत आखाडे निघतात तेव्हा बघ्यांची नजर काठी फिरवणाऱ्याकडे असते. फरीकडे कोणी पाहत नाही. पाहावं.

वाशीमचा जुना नकाशा इथं समजून घेतला पाहिजे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. कागदोपत्री ‘बासीम’ असं नाव पडलेलं हे गाव पुढे स्वतंत्र जिल्ह्याचं ठाणं झालं, आणि १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून वाशीम आणि मंगरूळ अकोल्यात, पुसद यवतमाळमध्ये गेलं. शेजारच्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तीही १९०३ मध्ये उठली. हिंदुस्थानात बॉक्सिंग रुजलं ते छावण्या, मिशनरी शाळा, रेल्वेची इन्स्टिट्यूट आणि बंदरांची शहरं यांच्या आधारानं. मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली; देशातली ती पहिली. ऑलिम्पिकमध्ये भारताचे बॉक्सर पहिल्यांदा उतरले ते १९४८ मध्ये, लंडनला. या सगळ्या वाटा वऱ्हाडाला वळसा घालून गेल्या. इथं जे उभं राहिलं ते वेगळंच होतं. अमरावतीला अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९२४ पासून मंडळानं उन्हाळी वर्ग भरवले आणि त्यांतून शिकलेले शिक्षक आपापल्या गावी परतले. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती ही विद्या एका वस्तादाच्या दारातून निघून शाळामास्तरांच्या हाती गेली ती अशी. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि त्यानं कबड्डी, मल्लखांब यांची प्रात्यक्षिकं केली. त्याच बर्लिनमध्ये बॉक्सिंगच्या लढती चालू होत्या आणि त्यांत एकही भारतीय नव्हता. विदर्भातली पोरं त्या शहरात होती, पण आपलं घेऊन गेली होती.

बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून पुढची तेरा वर्षं खपून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले, तेही याच काळात. ही मंडळी जुनं ते सोनं म्हणणारी नव्हती. शिकवण्याची रीत नोंदवली नाही तर ती वस्तादाबरोबर जाईल, ही त्यांची धास्ती होती. शेवटचा डाव हातचा राखून ठेवणारा वस्ताद आपल्या गोष्टींतला लाडका आहे. पण हातचा राखण्याच्या या सवयीनं किती विद्या बुडाली याचा हिशेब कोणी केला नाही. अमरावती-बडोद्याच्या या कामामागे ती सवय मोडण्याची जिद्द होती, आणि वाशीम-अकोल्याच्या शाळांना जे व्यायामशिक्षक मिळाले ते तिच्यातूनच.

बॉक्सिंग ग्रामीण महाराष्ट्रात आलं ते बहुतेक फौजेच्या वाटेनं. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर हे त्याचं ठळक उदाहरण: लहानपणी कुस्ती, मग सैन्यात भरती, तिथं बॉक्सिंग, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. त्यांच्या आयुष्यातलं बॉक्सिंगचं पान पदकाच्या झळाळीत मागे पडतं, पण आपल्या विषयाला तेच महत्त्वाचं. लाल मातीत घडलेलं अंग फौजेनं ग्लोव्हमध्ये घातलं. वाशीमच्या बाबतीत मात्र दुसरी एक वाट जास्त कामाची ठरली, ती म्हणजे अकोला. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत अकोल्याच्या वाट्याला बॉक्सिंग आलं. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला तोपर्यंत इथली पोरं जिल्हा पातळीवर खेळायची ती अकोल्याचीच म्हणून. आता वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांची शालेय स्पर्धा वाशीमला होते, विभागाची अमरावती विभागात. कागदावर जिल्हे तुटले, पण शिकवणारे आणि शिकणारे यांचं गणगोत अकोल्याशी राहिलं. खेळाचे नकाशे महसुली नकाशांपेक्षा सावकाश बदलतात.

इथं जाणकार माणूस हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. कुस्तीत ठोसा निषिद्ध आहे. पैलवान पुढे झुकतो, हात कमरेपाशी खाली ठेवतो, समोरच्याला बिलगायला बघतो. बॉक्सरनं यातली एकेक गोष्ट विसरायची असते: हनुवटी आत, हात गालांपाशी, आणि बिलगलात की पंच ‘ब्रेक’ म्हणून वेगळं करणार. मग आखाडा बॉक्सिंगला मदत करतो की अडथळा? उत्तर असं, की डावाच्या पातळीवर अडथळाच करतो. पैलवानकीतून आलेल्या पोराला पहिले काही महिने पॅडवर फक्त हात वर ठेवायला शिकवण्यात जातात. पण मी जे म्हणतो आहे ते डावाबद्दल नाही, शिकण्याच्या रीतीबद्दल आहे. हरियाणा बघा. भिवानीचा भाग कुस्तीचा, तिथल्या हवासिंगांनी फौजेतून बॉक्सिंग आणलं, १९६६ आणि १९७० मध्ये आशियाई सुवर्ण घेतलं, आणि त्याच मातीतून विजेंदरसिंगचं २००८ चं ऑलिम्पिक कांस्य आलं. मग कोणी विचारेल, कोल्हापूर का नाही झालं बॉक्सिंगचं? तिथं तर तालमीला तालीम लागून आहे. रास्त प्रश्न, आणि तो माझ्या मुद्द्याला मर्यादा घालतो. आखाडा असला म्हणून बॉक्सिंग उगवत नाही. कोल्हापुरात कुस्तीलाच मान, पैसा, मैदान सगळं होतं. तिथल्या पोराला दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं. उलट मणिपूरनं उत्तरेतल्या आखाड्यांची परंपरा नसताना मेरी कोम दिली. तेव्हा माझा दावा एवढाच: बॉक्सिंग जिथं पैसा, रिंग आणि संस्थेशिवाय येतं, तिथं ते तगतं ते जोडीनं शिकण्याची सवय आधीपासून असेल तर. बियाणं फौज आणि प्रबोधिनी आणतात. जमीन कशी नांगरलेली आहे हा वेगळा प्रश्न, आणि त्याबद्दल मी बोलतो आहे.

दुसरी हरकत खुद्द बॉक्सिंगच्या जगातून येते. पॅडचं काम हा दिखावा झाला आहे, असं जुने कोच म्हणतात. दोघंजण महिनोन्‌महिने एकच माळ घोकतात, आठ-दहा ठोसे टाळीच्या तालावर पडतात, मोबाइलवर छान दिसतं, आणि रिंगमध्ये समोरचा त्या तालावर उभा राहत नाही. हे खरं आहे. पण हा दोष पॅडचा की झेलणाऱ्याचा? फरी-गदग्याची प्रात्यक्षिकं मिरवणुकीपुरती उरली तेव्हा त्यांचंही हेच झालं होतं. दोघांनाही पुढचा वार पाठ. चांगला वस्ताद मध्येच क्रम मोडतो. चांगला पॅड धरणारा पॅड उचलतो, पण पुकारा करत नाही, आणि पोराला पॅडच्या तोंडावरून ठोसा ओळखावा लागतो: समोर वळलेला पॅड म्हणजे सरळ हात, आत वळलेला म्हणजे हुक, जमिनीकडे वळलेला म्हणजे अप्परकट. कधी पॅड उचलून लगेच खाली घेतो, पोरगा फसतो, पुढे झुकतो आणि चापट खातो. घोकलेली माळ आणि हे वाचन यांतला फरक कवायत आणि जोर यांतल्या फरकाइतका आहे.

या हरकतीला आणखी एक बाजू आहे, ती नियमांची. पॅडवर काय शिकवलं जातं ते शेवटी गुण कशाला मिळतात यावर ठरतं. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सच्या अंतिम लढतीच्या निकालानं जगभर संताप झाला, आणि १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये संगणकी गुणपद्धत आली. पाच पंचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच तो ठोसा गुणाचा. याचा परिणाम सरावावर लगेच दिसला. जवळच्या झटापटीतले, पोटावरचे ठोसे पंचांना एकाच वेळी दिसणं कठीण. लांबून, डोक्यावर, सरळ, एकटा आणि स्वच्छ ठोसा दिसतो. त्या वीस वर्षांत हौशी बॉक्सिंगचे कोच पॅडवर मुख्यतः तेच घोकून घेत होते: शिवायचं आणि निघायचं. २०१३ मध्ये बटणं गेली, दहा गुणांची पद्धत आली, पुरुषांच्या लढतींतून हेडगार्डही गेलं, आणि पॅडवर पुन्हा पोटाचे ठोसे, हुकच्या जोड्या, अंगावर घेऊन परत देणं हे सगळं आलं. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये जागतिक संघटनेचा नियम बदलतो आणि अकोल्याच्या वसंत देसाई स्टेडियमच्या परिसरात कोच पॅड चेहऱ्यावरून बरगड्यांपाशी आणतो. आखाड्याच्या काळात असं होत नव्हतं. वार तोच राहायचा, पिढ्या बदलायच्या. आज पॅड धरणाऱ्याला दर काही वर्षांनी आपली विद्या नव्यानं शिकावी लागते. जुन्या वस्तादाशी त्याची तुलना करताना हा फरक पुसून चालणार नाही, आणि पॅडच्या बाजूनं तो अवघडही जातो, कारण परंपरा म्हणावं असं तिथं फार काही साचू शकत नाही.

राहता राहिला तो हिशेब, आणि तालुक्याच्या गावी तोच निर्णायक. समजा एका कोचकडे चाळीस पोरं आहेत. प्रत्येकाला पॅडवर एकच तीन मिनिटांची फेरी द्यायची म्हटली तरी मधल्या विश्रांतीशिवाय दोन तास होतात. कोचचे खांदे आणि मनगटं हे रोज सोसू शकत नाहीत. पॅड धरणाऱ्यांची कोपरं नि खांदे दुखावणं हा या कामाचा रोजचाच भाग आहे. मोठ्या शहरातल्या महागड्या जिममध्ये याचं उत्तर पैशानं मिळतं, जास्त कोच ठेवतात. वाशीमसारख्या ठिकाणी एकच उत्तर शक्य असतं. पोरांनीच एकमेकांसाठी पॅड धरायचे. दोघा-दोघांच्या जोड्या, तीन मिनिटं एकानं मारायचं, मग ग्लोव्ह काढून पॅड चढवायचे आणि दुसऱ्याचं झेलायचं. ही गरिबीची सोय आहे, हे मान्य. पण आखाड्यातली जोड जशी वजनाला वजन आणि थोडं कमी-जास्त बघून लावतात, तशाच या जोड्याही लागतात. आणि जो पोरगा रोज दुसऱ्याचा ठोसा तळहातावर घेतो, त्याला चापट आणि ठोशातला फरक सांगावा लागत नाही. जोडीदाराचा खांदा ठोशाच्या आधी कसा हलतो, तो दमला की कोणता हात आधी खाली येतो, हे त्याला कळू लागतं. आणि हे ज्ञान त्याला पुढे रिंगमध्ये अनोळखी माणसासमोर उपयोगी पडतं.

मुलींच्या बाबतीत तर ही सोय आणखी महत्त्वाची ठरली. कुस्तीचा आखाडा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होता. फरी-गदग्याच्या जोडीतही त्या क्वचितच. पॅडवर अंगाला अंग भिडत नाही, मध्ये हातभर अंतर आणि चामडं असतं. घरच्यांचा जो विरोध कुस्तीला होतो तो इथं निदान सुरुवातीला सौम्य पडतो. विदर्भाची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्सेला युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचं सुवर्ण घेऊन आली, ती नागपूरची. तिच्यामागे शहर होतं, स्टेडियम होतं. कारंजा किंवा मानोऱ्याच्या मुलीमागे ते नाही. तिच्यासमोर असलाच तर जोडीदार आहे.

अशा ठिकाणचे पॅड लवकर झिजतात, आणि कसे झिजतात हे बघण्यासारखं असतं. बहुतेक पोरं उजव्या हाताची, डावा पाय पुढे. त्यामुळे त्यांचा डाव्या हाताचा जॅब समोरच्याच्या उजव्या पॅडवर पडतो, आणि सगळ्यात जास्त पडतो तो जॅबच. डाव्या पॅडच्या आधी उजव्या पॅडची मधली टिकली उडते, मग चामड्याला चीर, मग आतला फोम दिसू लागतो. कोणीतरी मोच्याकडून दोन टाके मारून आणतं आणि तोच पॅड पुन्हा हातात चढतो. काही दिवसांनी टाक्याच्या बाजूला नवी चीर पडते. ती मध्यावरच असेल तर मारणारा सरळ मारतो आहे, आणि झेलणाराही पॅड जागेवर धरतो आहे.